चार राउटर, एक रिंग: पांढरकवडा भागातल्या ओएसपीएफ कामाच्या नोंदी

असंच काम कोणी करायला घेतलं तर उपयोगी पडावं म्हणून या नोंदी ठेवल्या. ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांना दुव्यांची खबर देऊन वाटा आपोआप ठरवायची पद्धत) शिकवणारं साहित्य भरपूर आहे, ते इथे नाही. आमच्या रिंगवर काय अडलं, का अडलं आणि कशाने सुटलं, एवढंच.

मांडणी अशी: यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या बाजूला एका जिनिंगमध्ये फायबर येतं. तिथून टेकडीवरचा खांब ६ किमी. टेकडीवरून गावची पाण्याची टाकी ४ किमी. टाकीवरून शाळा अडीच किमी. आणि शाळेवरून परत जिनिंग ९ किमी, मधे सागवान. टाकीच्या राउटरवरूनच खालच्या आरोग्य उपकेंद्राला एक केबल जाते. राउटरांची नावंही हीच ठेवली: जिनिंग, टेकडी, टाकी, शाळा. चारही ठिकाणी मायक्रोटिक कंपनीचे हेक्स नावाचे राउटर. रेडिओ ५.८ गिगाहर्ट्‌झचे, निव्वळ ब्रिज म्हणून, म्हणजे आलेलं तसंच पुढे देणारे. राउटिंगचं काम सगळं हेक्सकडे.

६ फेब्रुवारी २०२४

आतापर्यंत सगळं स्टॅटिक रूटवर (हाताने लिहिलेल्या ठरीव वाटांवर) चाललं. रिंग होती, पण नावालाच. टेकडीची वीज गेली की टाकी आणि उपकेंद्र बंद, शाळेकडून वाट मोकळी असूनही. काल रात्री पुन्हा तेच. भाचा जिनिंगमधून फोनवर: "मामा, इथं तं सारेच लाइट हिरवे हायेत, मंग बंद काऊन?"

खोच तिथेच आहे. हेक्स आणि रेडिओच्या मधे पीओई इंजेक्टर (नेटच्या केबलमधूनच रेडिओला वीज देणारा डबा) असतो. हवेतला दुवा मेला तरी जवळचा रेडिओ चालू राहतो, पोर्टचा दिवा हिरवा राहतो आणि राउटर रूट शाबूत समजतो. स्टॅटिक रूट हटायला पोर्ट पडावं लागतं. इथे पोर्ट पडतच नाही.

चेक-गेटवेला पिंग (समोरचा जिवंत आहे का ते विचारणारं पाकीट) लावून पाहिलं होतं. दहा-दहा सेकंदांनी पुढच्या राउटरला विचारतो, लागोपाठ उत्तर आलं नाही तर रूट बाद करतो. पण त्याची नजर पुढच्या घरापुरती. टेकडी–टाकी तुटलं तर जिनिंगला टेकडी जिवंतच दिसते. तो टाकीचा सगळा माल तिकडे ढकलत राहतो आणि टेकडीकडे पुढे वाटच नसते.

आरआयपी, वाटा आपोआप ठरवायची दुसरी पद्धत, लावायला सोपा आहे. पण तो दर ३० सेकंदांनी तक्ता वाटतो, हरवलेला रूट बाद करायला १८० सेकंद घेतो आणि वेग न बघता फक्त राउटर-ते-राउटर उड्या मोजतो. शाळा–जिनिंगची लंगडी वाट एका उडीची, म्हणून त्याने तीच धरली असती. ओएसपीएफ ठरलं.

१० फेब्रुवारी

आज फक्त कागद आणि सॉफ्टवेअर.

दुव्यांना १०.१०.०.० पासून पुढे /३० चे तुकडे (प्रत्येकात दोनच वापरायचे पत्ते). प्रत्येक राउटरवर एक रिकामा ब्रिज बनवून त्याला लूपबॅक पत्ता (कोणत्याही पोर्टवर अवलंबून नसलेला, राउटरचा स्वतःचा): जिनिंग १०.१०.२५५.१, टेकडी २, टाकी ३, शाळा ४. हाच पत्ता राउटर-आयडी म्हणून हाताने लिहायचा. लिहिला नाही तर राउटर आपल्याकडच्या पत्त्यांतून एखादा स्वतः उचलतो आणि नंतर लॉगमध्ये कोण कोणाशी बोलतंय ते कळत नाही. सगळे एकाच एरियात (ओएसपीएफच्या विभागात), शून्यात. चार राउटरांसाठी एरिया पाडणं ही रिकामी उठाठेव.

दोन हेक्स राउटरओएस या मायक्रोटिकच्या सॉफ्टवेअरच्या सहाव्या मालिकेवर होते, दोन सातव्या. सहा आणि सात एकमेकांशी ओएसपीएफ बोलतात, अडचण लिहिण्याच्या पद्धतीची. सहामध्ये नेटवर्कच्या यादीत पत्ते भरायचे. सातमध्ये आधी इन्स्टन्स, त्याखाली एरिया, त्याखाली इंटरफेस-टेम्प्लेट. नेटवरचे बरेच धडे अजून सहाचेच आहेत, त्यातल्या ओळी सातमध्ये चिकटवल्या की लाल अक्षरं येतात. म्हणून चारही सातवर आणले. आधी प्रत्येकाचा एक्सपोर्ट (सगळ्या सेटिंगचा मजकूर) लॅपटॉपवर काढला. आवृत्ती चढली की राउटरबोर्डचं फर्मवेअर वेगळं चढवावं लागतं आणि त्यासाठी पुन्हा एकदा रीबूट. मोबाइलच्या डेटावर हे सगळं उतरवण्यात संध्याकाळ गेली.

१३ फेब्रुवारी

दुकानाच्या टेबलावर चारही राउटर मांडले. रेडिओच्या जागी साध्या केबल. खांबावर चढण्याआधी हे करा. वर गेल्यावर ऊन, वारा आणि लॅपटॉपची बॅटरी यांच्याशी भांडत विचार करता येत नाही.

टेबलावर ठरलेल्या गोष्टी:

दुवे दोन टोकांचे आहेत, म्हणून टेम्प्लेटचा प्रकार पीटीपी (फक्त दोघांचा दुवा). ब्रॉडकास्ट (अनेकांचा दुवा) ठेवला तर दोघांत डीआर, म्हणजे मुखिया, कोण याची निवड होते आणि नव्याने उठलेला राउटर त्यासाठी डेड इंटरव्हल (शेजारी गप्प राहिला तर मेला मानायची मुदत) एवढा, म्हणजे ४० सेकंद, थांबतो. दोघांच्या दुव्यात मुखिया निवडून मिळायचं काही नाही. पीटीपी केल्यावर काही सेकंदांत शेजार फुल, म्हणजे दोघांची माहिती पूर्ण जुळलेली.

शाळेच्या खोल्यांकडे जाणारं पोर्ट आणि उपकेंद्राचं पोर्ट पॅसिव्ह. त्यांचे पत्ते रिंगला कळतात, पण तिकडे हॅलो (मी आहे असं शेजाऱ्याला सांगणारी छोटी पाकिटं) जात नाहीत. नाहीतर उद्या कोणी लॅबमध्ये जुना राउटर खोचला आणि त्यावर ओएसपीएफ चालू असलं तर तो आपल्या रिंगचा पाहुणा होऊन बसेल. दुव्यांवर की (परवलीचा शब्द) लावून ऑथेंटिकेशनही चालू केलं. की आणि की-आयडी दोन्ही टोकांना सारखेच हवेत.

डीफॉल्ट रूट (इंटरनेटकडची वाट) जिनिंगने वाटायचा, इफ-इन्स्टॉल्ड या अटीवर, म्हणजे स्वतःकडे ती वाट असेल तरच. ऑलवेज ठेवलं तर फायबर मेलेलं असतानाही जिनिंग सगळ्यांना "माझ्याकडे या" म्हणत राहील. आणि फायबरच्या डीफॉल्ट रूटवर पिंगची तपासणी ठेवली, कारण भिंतीवरचा फायबरचा डबा चालू असला म्हणजे त्याच्यामागे इंटरनेट असतंच असं नाही.

तपासणीसाठी एक सोपा हिशेब वहीत लिहिला: एलएसडीबी (अख्ख्या जाळ्याचा नकाशा) चारही राउटरांवर हुबेहूब सारखी दिसली पाहिजे. आमच्याकडे चार राउटर एलएसए (प्रत्येक राउटरने आपल्या दुव्यांबद्दल काढलेला कागद) आणि एक एक्सटर्नल, तो डीफॉल्टचा. पीटीपी असल्यामुळे नेटवर्क एलएसए एकही नाही. यापेक्षा एक जरी जास्त-कमी दिसला तरी चौकशी.

१८ फेब्रुवारी

टेकडी चढवली. जिनिंग आणि टेकडी एकमेकांना दिसले, हॅलो आले-गेले, पण शेजार फुल होईना. एका बाजूला एक्सस्टार्ट, दुसरीकडे एक्सचेंज, फुलच्या आधीच्या पायऱ्या. मग पडतं, परत तेच. टेबलावर हीच जोडी झटक्यात फुल झाली होती. फरक एवढाच, की टेबलावर पोर्ट ३ वापरलं आणि खांबावर पोर्ट २.

पोर्ट २ चा एमटीयू (एका पाकिटाचा सगळ्यात मोठा आकार, बाइटमध्ये) १४८०. कधीकाळी त्या पोर्टवरून टनेल चालायचं, तेव्हा कोणीतरी ठेवलेला आकडा तसाच राहिला होता. हॅलोमध्ये एमटीयू नसतो, म्हणून ओळख होते. डेटाबेसच्या देवाणघेवाणीत तो आकडा लिहिलेला असतो, आणि आपल्याला झेपेल त्यापेक्षा मोठा एमटीयू सांगणारं पाकीट राउटर फेकून देतो. १४८० वाला १५०० वाल्याचं पाकीट घेत नव्हता, म्हणून दोघं तिथेच घुटमळत होते.

काही कंपन्यांच्या राउटरांत एमटीयूची ही तुलना बंद करायची सोय असते. करू नये. शेजार फुल होतो खरा, पण पुढे मोठी पाकिटं हरवतात आणि तेव्हा कोणाला एमटीयू आठवत नाही. दोन्ही टोकं १५०० केली आणि फ्रॅगमेंट (तुकडे) न करता मोठं पिंग मारून रेडिओतूनही १५०० जातं का ते पाहिलं. मायक्रोटिकच्या पिंगमध्ये आकार १५०० लिहायचा, विंडोजमध्ये १४७२. विंडोज वरचे २८ बाइट वेगळे धरतो.

या एका आकड्यापायी दुपार गेली. जेवण म्हणजे टेकडीखालच्या हॉटेलातले थंडे आलूबोंडे.

२५ फेब्रुवारी

टाकी. गेल्या रविवारी वॉलमन गावाला गेला होता आणि शिडीच्या कुलपाची किल्ली त्याच्याकडे, म्हणून काम आठवडाभर लांबलं. पंचायतीची परवानगी लेखी घेतली होती, पण किल्ली कुणाकडे असते हे परवानगीच्या कागदावर नसतं.

टाकीवरचा हेक्स नवा कोरा. त्याचा कंपनीकडून आलेला कॉन्फिग तसाच ठेवून वर आपलं लिहिलं होतं. टेकडीला शेजारी कोणीच दिसेना... असं वाटलं होतं. भाचा टाकीवर लॅपटॉप घेऊन, मी टेकडीवर. माझ्याकडे टाकीचं नाव दिसत होतं, पण अवस्था इनिट. भाच्याकडे यादी रिकामी.

इथे थोडं थांबून लिहितो, कारण इनिटमध्ये अडकलेल्या शेजाऱ्याला लोक उलट्या टोकाला शोधतात. ज्या राउटरवर इनिट दिसतं त्याला समोरच्याचे हॅलो ऐकू येत आहेत. पण त्या हॅलोतल्या यादीत याचं नाव नाही, म्हणजे याचे हॅलो समोर पोचत नाहीत. बिघाड इनिट दाखवणाऱ्याच्या ऐकण्यात नाही. त्याचं बोलणं वाटेत अडतंय किंवा समोरचा दारातच परत पाठवतोय. इथे दुसरं होतं. कोऱ्या मायक्रोटिकच्या फायरवॉलमध्ये शेवटी एक नियम असतो: लॅनच्या (आतल्या बाजूच्या पोर्टांच्या) यादीत नसलेल्या पोर्टवरून राउटरकडे येणारं सगळं टाका. टेकडीकडचं पोर्ट त्या यादीत नव्हतं.

भाच्याला म्हटलं, त्या नियमासमोरचा आकडा बघ. "मामा, धा सेकंदानं एक-एक वाढून राह्यला." दर दहा सेकंदांनी एक, म्हणजे आमचेच हॅलो. नियमाच्या वर एक ओळ टाकली: प्रोटोकॉल ओएसपीएफ, म्हणजे आयपीचा ८९ क्रमांक, दुव्याच्या पोर्टवरून आला तर घ्या. लगेच फुल. ओएसपीएफ ना टीसीपी ना यूडीपी, त्याला पोर्ट नंबर नसतो. फायरवॉलमध्ये पोर्ट नंबर शोधत बसू नका.

३ मार्च

शाळा जोडली आणि रिंग पूर्ण झाली. शेजार सगळे फुल. तरी जिनिंगच्या तक्त्यात शाळेचा पत्ता येतोय, जातोय, येतोय. टेकडीचा लूपबॅकही तसाच.

एलएसडीबी उघडली तर चारऐवजी तीनच राउटर एलएसए. त्यातल्या १०.१०.२५५.२ चा सीक्वेन्स नंबर (कागदाची कितवी आवृत्ती) बघता बघता वाढत होता आणि वय काही सेकंदांच्या वर जाईना. निरोगी जाळ्यात एलएसएचं वय आरामात वाढत जातं आणि काही बदललं नाही तर ३० मिनिटांनी नवा निघतो. इथे दोन राउटर एकाच नावाने कागद काढत होते आणि दुसऱ्याचा कागद दिसला की "हा माझा नाही" म्हणून नवा काढत होते.

शाळेचा राउटर-आयडी टेकडीचाच होता. वेळ वाचवायला भाच्याने दुकानात टेकडीचा बॅकअप शाळेच्या हेक्सवर चढवला आणि पत्ते बदलले, आयडी राहिला. मायक्रोटिकचा बॅकअप त्याच यंत्रावर परत चढवण्यासाठी असतो, तो पोर्टांचे मॅक पत्तेसुद्धा (प्रत्येक पोर्टची कारखान्यातून आलेली ओळख) उचलून आणतो. दुसऱ्या यंत्राला एक्सपोर्ट द्यायचा, तो साधा मजकूर असतो, वाचून बदलता येतो. मॅक पोर्टांवर रीसेट केले, आयडी ४ केला, ओएसपीएफ बंद-चालू केलं. एलएसए चार झाले.

टेकडी आणि शाळा शेजारी असते तर शेजारच जमला नसता आणि लगेच कळलं असतं. रिंगमध्ये समोरासमोर असल्यामुळे सगळीकडे फुल दिसत राहिलं.

९ मार्च

उपकेंद्रातून तक्रार: डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलताना चित्र अडकतं. रिंग चालू नव्हती तेव्हा असं होत नव्हतं.

राउटरओएस सातमध्ये कॉस्ट (दुव्याची किंमत; जिची बेरीज कमी ती वाट निवडली जाते) सांगितली नाही तर प्रत्येक दुव्याची १. मग जिनिंगवरून टाकीला टेकडीमार्गे २ आणि शाळेमार्गेही २. दोन्ही वाटा समान, म्हणून वाहतूक दोन्हींवर वाटली गेली, आणि निम्मी त्या नऊ किमीच्या मंद दुव्यावर. सिस्कोसारख्या कंपन्यांच्या राउटरांत कॉस्ट वेगावरून काढतात, पण तिथेही राउटरला दिसतो तो केबलच्या पोर्टचा वेग. रेडिओ हवेत किती देतो ते त्याला माहीत नसतं. कॉस्ट हाताने लिहायची.

टेकडीकडचे आणि टाकी–शाळा हे तीन दुवे १० चे, शाळा–जिनिंग ४०. शाळेवरून जिनिंगला लांबून ३० आणि सरळ ४०, म्हणजे नऊ किमीचा दुवा फक्त अडीअडचणीला. हेच हवं होतं.

कॉस्ट बाहेर जाणाऱ्या बाजूची असते, दोन्ही टोकांना लिहावी लागते. जिनिंगवर ४० लिहून शाळेकडे निघालो, वाटेत असतानाच शाळेतून फोन, नेट गेलं. शाळेची कॉस्ट अजून १ होती: जाणारं सरळ जिनिंगला, येणारं टेकडी-टाकीमार्गे. टाकीला संभाषणाचा फक्त परतीचा भाग दिसला आणि तिच्या फायरवॉलने तो इनव्हॅलिड (सुरुवात न दिसलेला) म्हणून टाकला. शेजार सगळे फुलच होते, ओएसपीएफच्या लेखी काहीच चुकलं नव्हतं. शाळेकडे ४० केल्यावर चालू झालं, पण मी टाकीवरून इनव्हॅलिडचा नियमही काढला. मधल्या राउटरांनी वाट द्यावी; झडती आणि नॅट (आतल्या पत्त्यांऐवजी बाहेरचा पत्ता लावणं) जिनिंगला.

१७ मार्च

आज मुद्दाम तोडून पाहिलं.

पहिली तोड: जिनिंगमध्ये टेकडीकडची केबल हेक्समधून उपसली. पिंग दोन-तीन सेकंद थांबलं, लगेच शाळेमार्गे सुरू. भाचा खूश. पण ही तोड फसवी आहे. केबल उपसली की पोर्ट पडतं आणि ओएसपीएफला तत्क्षणी कळतं. आमच्याकडे खरी तोड अशी कधीच होत नाही. वीज जाते ती पलीकडे.

दुसरी तोड: टेकडीवरचं मेन बटन बंद. इथले दिवे हिरवे. पिंग थांबलं ते चाळीस सेकंदांच्या आसपास थांबूनच राहिलं, मग शाळेमार्गे उठलं. हॅलो १० सेकंद, डेड ४०, हे मूळचे आकडे. चाळीस सेकंदांत व्हिडिओ कॉल तुटतो आणि माणूस आपल्याला फोन लावतो.

तुम्ही ज्या दिवशी रिंग तपासाल त्या दिवशी पलीकडची वीज घालवूनच तपासा. जवळची केबल काढून मिळालेला आकडा वहीत लिहूसुद्धा नका.

२१ एप्रिल

हॅलो ५, डेड २० केलं. त्याहून खाली जाऊन बघितलं होतं, हॅलो १ आणि डेड ४. वादळी वाऱ्याच्या संध्याकाळी खांब हलला की शेजार पडायचा, उठायचा, आणि प्रत्येक वेळी अख्खी रिंग हिशेब करायची. वीस सेकंद आम्हाला परवडतात.

हे दोन आकडे दोन्ही टोकांना तंतोतंत सारखे नसतील तर हॅलोच नाकारला जातो. म्हणून बदल दुरून करायचा असेल तर क्रम लांबून जवळ: आधी पलीकडचं टोक, मग आपलं. आणि सेफ मोड. टर्मिनलमध्ये कंट्रोल आणि एक्स दाबायचं. काम करता करता आपलीच वाट कापली गेली तर काही मिनिटांनी राउटर बदल मागे घेतो. टेकडीची एक फेरी त्यामुळे वाचली.

शाळेचं टोक मतदानाआधीच उरकून घेतलं होतं, कारण शाळा केंद्र होती आणि खोल्या ताब्यात गेल्या की गच्चीवर कोणी जाऊ देत नाही.

१९ मे

टाकीचा शेजार रोज दुपारी दोन-तीनच्या सुमारास पडतो, संध्याकाळी ठीक. लॉग बघितला तर शेजार पडत नव्हता, राउटरच रीबूट होत होता. अपटाइम (चालू होऊन किती वेळ झाला तो आकडा) दुपारपासूनच मोजलेला. प्रोटोकॉलवर संशय घेण्याआधी अपटाइम बघत चला.

पत्र्याची पेटी, तीही पश्चिमेच्या बाजूला. मे महिन्यातलं इथलं ऊन सांगायला नको. वॉलमन म्हणाला, "भाऊ, दुपारी वर नोका चढू, शिडीचं लोखंड हात पोयते." सकाळी सहाला चढलो. हेक्स ठीक होता, त्याचा अडॅप्टर तापून व्होल्ट सोडत होता. अडॅप्टर चांगल्या प्रतीचा घेतला (साडेचारशे), पेटी उत्तरेला टाकीच्या सावलीत सरकवली, खालून भोकं पाडली. बंद झालं.

४ जुलै

शाळा उघडली. गुरुजींचा फोन: "भाऊ, व्हॉट्सअॅपचा मेसेज जाते, फोटो जात नाही. पोर्टलचं पान तं अर्धंच येते."

परवाच्या विजांत टेकडीचा एक रेडिओ गेला होता, नवा यायचा आहे. म्हणजे रिंगने आपलं काम केलं होतं: सगळी वाहतूक शाळा–जिनिंगवरून. मीही फुल बघून निवांत होतो. शेजार दोन दिवसांत एकदाही पडलेला नव्हता.

साधं पिंग: क्वचित एखादं हरवतं. १५०० बाइटचं पिंग: दहातले तीन गायब. रेडिओचा सिग्नल फेब्रुवारीत उणे ५८ डीबीएम लिहिलेला आहे, आज उणे ७६, म्हणजे खूपच कमजोर.

फेब्रुवारीत मधलं सागवान निष्पर्ण होतं. साग उन्हाळ्याआधी पानं गाळतो आणि पावसाबरोबर नवी येतात, सुपाएवढी. त्यावर पाणी. आम्ही दुवा उघड्या झाडांतून बांधला आणि मोजून समाधान मानलं.

आणि ओएसपीएफ का गप्प? आमचा हॅलो आयपीसकट शंभर बाइटसुद्धा भरत नाही. तो इतका लहान, की मोठं पाकीट जिथे फुटतं तिथून तो निघून जातो. वर डेड वीस सेकंद आणि हॅलो पाच, म्हणजे चारांतला एक पोचला तरी शेजारी जिवंत. दुवा दहातले तीन गिळत असताना फुल दिसण्यात त्याची काही चूक नाही. त्याला विचारलेलं असतं तेवढंच तो सांगतो. वाट चांगली आहे का, हे त्याला कोणी विचारलेलंच नाही.

१४ जुलै

झाड तोडायचा विषय काढूच नका. साग स्वतःच्या शेतातला असला तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही, १९६४ चा कायदा आहे, आणि शेतकरी तरी आपला पैसा का तोडेल.

खांब उंच करायचा हिशेब: ५.८ गिगाहर्ट्‌झला नऊ किमीच्या दुव्यात मधोमध फ्रेनेल क्षेत्राची (दोन खांबांमधल्या, लहरींना मोकळ्या लागणाऱ्या जागेची) त्रिज्या पावणेअकरा मीटरच्या आसपास. त्यातले साठ टक्के, म्हणजे साडेसहा मीटर, मोकळे हवेत. पृथ्वीच्या गोलाईचा सव्वा मीटर वर. नजरेला समोरचा खांब दिसतो एवढ्यावर दुवा बांधू नये ते यासाठी. सागवान मधोमध नसून शाळेच्या बाजूला आहे, तिथे त्रिज्या कमी भरते, म्हणून शाळेकडचाच खांब वाढवला: तीन मीटर जीआय पाइप, क्लॅम्प, तीन ताण आणि वेल्डरची मजुरी मिळून ४,२००. वीज-रोधकाचं अर्थिंग नव्याने खाली आणलं ते वेगळं.

सिग्नल उणे ६६. मोठं पिंग शंभरात दोन-तीन हरवतं. पानं तर अजून वाढायची आहेत, पण अडीअडचणीच्या दुव्याला एवढं चालेल. टेकडीचा रेडिओ याच आठवड्यात बसला.

२८ जुलै

ओएसपीएफला जे विचारता येत नाही ते विचारायला नेटवॉच (तपासणी करून निकालाप्रमाणे स्क्रिप्ट चालवणारी मायक्रोटिकची सोय) लावला. सातव्या मालिकेत त्याचा आयसीएमपी (पिंगचा) प्रकार पाकिटाचा आकार, पाकिटांची संख्या आणि किती टक्के हरवलं तर दुवा वाईट समजायचा, हे सगळं घेतो. प्रत्येक दुव्याच्या दोन्ही टोकांना: समोरच्याच /३० पत्त्याला १४०० बाइटची वीस पाकिटं, दहा टक्क्यांवर हरवली की डाउन. डाउन झाल्यावर चालणारी स्क्रिप्ट त्या दुव्याची कॉस्ट ५०० करते. अपची स्क्रिप्ट परत १० किंवा ४०.

दुवा तोडायचा नाही, फक्त महाग करायचा. दुसरी वाट असेल तर वाहतूक तिकडे जाते, नसेल तर लंगडत का होईना याच्यावरूनच चालते. म्हणूनच पोर्ट बंद करण्यापेक्षा कॉस्ट बरी.

११ ऑगस्ट

अपची स्क्रिप्ट काढली.

टेकडी–टाकी दुव्यावर संध्याकाळी गर्दी वाढली की पाकिटं हरवू लागायची. कॉस्ट ५००, वाहतूक शाळेमार्गे. वाहतूक गेली की दुवा रिकामा, पिंग स्वच्छ, कॉस्ट १०, वाहतूक परत, पुन्हा गर्दी. काही मिनिटांनी एक फेरा. प्रत्येक फेऱ्याला नवे एलएसए आणि तुटलेले कॉल. उपकेंद्रातल्या सिस्टरबाईंनी वेळ लिहून ठेवल्या होत्या, त्या लॉगशी जुळवल्यावर उलगडलं. त्या कागदाशिवाय मी रेडिओच्या मागे लागलो असतो.

टेकडी–टाकीचा चॅनल बदलला, गर्दीतलं हरवणं जवळपास गेलं. तरी अप स्क्रिप्ट परत लावली नाही. महाग झालेला दुवा माणसाने बघून स्वस्त करायचा. रोज सकाळी दुकान उघडल्यावर भाचा चारही राउटरांवर तीन गोष्टी बघतो: एलएसए पाचच आहेत का, शेजाऱ्यांचा अपटाइम कालपासून वाढलेला आहे का, आणि कुठे कॉस्ट ५०० आहे का. ५०० दिसली तर आधी १५०० बाइटचं पिंग दोनशे वेळा, मग रेडिओचा सिग्नल, आणि दोन्ही ठीक असतील तरच दोन्ही टोकांची कॉस्ट एकामागोमाग परत, सेफ मोडमध्ये.